हात तयार, कान कोरा

उन्हाळ्याची चाहूल लागली की जालन्याच्या बाजारात माठांच्या उतरंडी उभ्या राहतात. माठ घ्यायला आलेली गृहिणी त्याचा रंग पाहत नाही, घाटही फारसा पाहत नाही. ती माठ उचलते, एका हातावर तोलते आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्याला टिचकी मारते. खणखणीत वाजला तर भावाची घासाघीस सुरू. बद्द वाजला तर माठ पुन्हा जागेवर, मग विकणाऱ्याने कितीही शपथा घेतल्या तरी. केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही, ती कानाला कळते. या बाईने श्रवणाचा कोणता अभ्यासक्रम पुरा केलेला नसतो. लहानपणी ती आईचा पदर धरून बाजारात गेली, आईची टिचकी आणि आईचा चेहरा या दोन्ही गोष्टी तिने एकदमच टिपल्या, आणि तिचा कान तयार झाला.

हे आठवण्याचे कारण असे. मागे एका मे महिन्यात मी जालन्यातल्याच एका तबल्याच्या परीक्षेला गेलो होतो. परीक्षक म्हणून गेलो नव्हतो आणि पालक म्हणूनही नाही. शेजारच्या मुलीची परीक्षा होती आणि तिच्या वडिलांच्या स्कूटरवर मुलगी, तबला आणि डग्गा अशी तिन्ही ओझी मावेनात, म्हणून डग्गा मांडीवर घेऊन मी रिक्षाने मागून गेलो. मुलगी अकरा वर्षांची, मोठी चुणचुणीत. दुपारचे दोन वाजलेले. मराठवाड्यातल्या मे महिन्याचे ऊन ज्याने सोसले आहे त्याला त्याचे वर्णन नको, आणि ज्याने सोसले नाही त्याला ते खरे वाटणार नाही. सकाळी तिच्या शिक्षकांनी लेहऱ्याच्या स्वरात मिळवून दिलेला तबला स्कूटरवर तापत तापत आला होता. कातडे तापून कोरडे पडले की आवळते आणि स्वर चढतो. तिचा तबला चांगला अर्धा स्वर चढला होता.

मोबाइलवर पेटीचा लेहरा सुरू झाला. मुलीने त्रितालातला कायदा घेतला, त्याचे पलटे वाजवले, दुगुन झाली, तिहाई अगदी नेमकी समेवर आणून टाकली. बोटे अशी स्वच्छ पडत होती की व्हरांड्यात उभा असलेला मी मनातल्या मनात शाबासकी देत होतो. लेहरा एका स्वरात आणि तबला दुसऱ्या स्वरात, हे माझ्या ध्यानात यायला दोन मिनिटे लागली, कारण मी खिडकीतून तिचे हात पाहत होतो. मुलीला ते शेवटपर्यंत कळले नाही. खोलीत बसलेल्या कोणाच्या चेहऱ्यावरही काही उमटले नाही. ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. पेढे वाटले गेले. पेढा मीही खाल्ला, पण माठाला टिचकी मारणारी ती बाई मात्र माझ्या डोळ्यांसमोरून जाईना.

आपल्याकडे तबला डोळ्यांनी शिकला जातो आणि हातांनी वाजवला जातो, मधल्यामध्ये कान उपाशी राहतो, अशी माझी तक्रार आहे. ती करताना अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजू आधीच मान्य करतो. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि पुढे १९३१ साली अखिल भारतीय मंडळ उभे राहिले. त्यातून परीक्षांची जी पद्धत रुजली ती नसती, तर आमच्या भोकरदन-परतूरच्या मुलामुलींना तबला दिसला असता तो फक्त भजनी मंडळाच्या पेटाऱ्यात. मुलींना तर तोही दिसला नसता. उस्तादाच्या घरी बारा वर्षे पाणी भरण्याची ऐपत कोणाची होती? पुस्तकांचेही तसेच. अरविंद मुळगावकरांचा ‘तबला’ हा ग्रंथ किंवा सुधीर माईणकरांचे ‘तबलावादन : कला आणि शास्त्र’ ही मराठीतली मोठी कामे आहेत. घराण्यांच्या कोठारात कुलपाखाली पडलेली विद्या त्यांनी चव्हाट्यावर आणली, आणि हा शब्द मी चांगल्या अर्थाने वापरतो आहे.

पण छापील बोल वाचता येतात म्हणजे ते ऐकू येतात असे नव्हे. एक साधी गोष्ट पाहा. ज्यांच्या घरी तबला नाही त्यांनी ही जेवणाच्या पाटावर करून पाहिली तरी चालेल. त्रितालाच्या सोळा मात्रा आहेत. चार-चार मात्रांचे चार खंड. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे तिथे टाळी न देता हात बाजूला झुलवायचा. हे कोणताही विद्यार्थी झोपेतून उठवला तरी सांगेल. त्याला विचारा की खाली म्हणजे काय. तो सांगेल, तिथे डग्ग्याचा घुमारा बंद होतो. बरोबर आहे. आता त्रितालाचा ठेका सावकाश म्हणा :

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

‘धा’ आणि ‘धिं’ यांत दोन्ही हात आहेत, म्हणजे डग्गा घुमतो. ‘तिं’ आणि ‘ता’ यांत उजवा हात एकटा. नववी मात्रा पाहा. तिथे ‘धा’ आहे! म्हणजे हात खाली दाखवतो त्या क्षणी डग्गा अजून घुमतोच आहे. घुमारा जातो तो दहाव्या मात्रेला. तो परततो तेराव्या मात्रेच्या टाळीवर नव्हे, तर चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’वर. हाताने दाखवलेली पोकळी आणि कानाने ऐकलेली पोकळी यांच्यात एका मात्रेचे अंतर आहे. कोणी नवव्या मात्रेला ‘ना’ म्हणतात, त्यांचे हिशेब थोडे वेगळे. पण पोकळी संपते ती त्यांचीही तेराव्या मात्रेनंतरच. आणि हीच मंडळी दिल्लीचा तो प्रसिद्ध ‘धा धा ति ट’चा कायदा वाजवू लागली की गंमत उलटी होते. तिथे पहिल्या अर्ध्याचा शेवटच ‘तिं ना’ असा, म्हणजे डग्गा सातव्या मात्रेलाच गप्प होतो आणि खालीची वर्दी दोन मात्रा आधी देऊन जातो. परत मात्र तो बरोबर तेराव्या मात्रेला येतो.

हे मी कित्येक विद्यार्थ्यांना विचारून पाहिले आहे. ठेका वाजवताना डोळे मिटून सांगायचे की डग्गा नेमका कुठे गेला आणि कुठे परत आला. ज्यांना त्रितालाची चौगुन तोंडपाठ येते, ज्यांच्या वहीत खालीची व्याख्या लाल शाईने अधोरेखित आहे, त्यांच्यातले बहुतेक ‘नववीला गेला, तेरावीला आला’ असे ठणकावून सांगतात. त्यांचे स्वतःचे हात त्यांच्यासमोर दुसरेच सांगत असतात. वहीने कानाला कसे गप्प बसवले आहे, ते यावरून कळेल. गवयाला समेची चाहूल लागते ती या परतणाऱ्या घुमाऱ्यावरून. तो काही मात्रा मोजत बसत नाही. ‘आता डग्गा आला, आता सम जवळ आली,’ हे त्याच्या अंगाला कळते. ज्या तबलजीला ही जागा ऐकू येत नाही, तो तिथेच नेमका चाळा करतो, एखादा तुकडा भरतो, आणि गवय्याच्या पायाखालची पायरी काढून घेतो.

स्वराची गोष्ट याहून नाजूक. ‘तबला हे तालवाद्य, त्याला स्वराचे काय?’ असे शिकलेली माणसेही विचारतात. साध्या ढोलाचे कातडे वाजले की त्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी फटकून असतात, म्हणून ढोलाचा आवाज होतो पण स्वर लागत नाही. आपल्या तबल्याच्या आणि मृदंगाच्या मध्यावर जी काळी शाई चढवलेली असते तिच्या वजनामुळे हे उपस्वर जवळजवळ पूर्णांकांच्या पटीत येऊन बसतात, तारेच्या वाद्यात बसतात तसे. हे शास्त्रीय प्रयोगांनी दाखवून दिले ते चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी. १९२० साली एका सहकाऱ्यासह त्यांनी ‘नेचर’मध्ये यावर टिपण लिहिले आणि १९३४ साली सविस्तर निबंध. नोबेल पारितोषिक मिळवणारा शास्त्रज्ञ ज्या नादापाशी कान लावून बसला, त्या नादापाशी आमचा विद्यार्थी दोन मिनिटे थांबत नाही, याला काय म्हणावे! ‘ना’ वाजवताना अनामिका कातड्याला हलकी टेकलेली असते. तिच्या स्पर्शाने मूळचा जाडसर नाद दबतो आणि वरचा स्वच्छ स्वर पुढे येतो. तो स्वर म्हणजे तबल्याचा ‘सा’. बोट जरा जास्त दाबले की तो मरतो, उचलले की फाटतो. हे हाताचे काम खरे, पण हाताला त्याची जागा कान सांगतो.

तबला मिळवणे हा तर शुद्ध कानाचाच धंदा. गजऱ्यावर हातोडीचा ठोका वरून मारला की स्वर चढतो, खालून मारला की उतरतो. ठोकळ काम लाकडी गठ्ठ्यांचे, बारीक काम गजऱ्याचे. एक घर मिळवले की समोरचे घर पाहायचे, मग त्यांच्या मधली. तंबोऱ्याचा स्वर आणि तबल्याचा स्वर जवळ आले पण एक झाले नाहीत, तर दोघांच्या मिळून एक थरथरती लाट ऐकू येते. स्वर जुळत जातात तशी ती लाट मंद होत जाते, आणि जुळले की नाहीशी होते. ही लाट एकदा ज्याने ऐकली त्याला मग चैन पडत नाही. आमच्या हवेत तर हे काम रोजचेच. चैत्र-वैशाखात तबला चढलेला, श्रावणात उतरलेला. वरच्या परीक्षांत तबला मिळवून दाखवण्याची अपेक्षा असते हे मला ठाऊक आहे. पण तोवर पाच-सहा वर्षे गुरुजींनी मिळवून दिलेल्या तबल्यावर वाजवून झालेले असते. आयते ताट वाढून घेणाऱ्याला मीठ कमी पडल्याचेही कळेनासे होते.

इथे मला स्वतःचा गुन्हा कबूल केला पाहिजे, नाहीतर वरची सगळी टीका म्हणजे दुसऱ्याच्या अंगणातला केर ठरेल.

मी सोळा वर्षांचा होतो. तबल्याच्या दोन परीक्षा पदरात पडल्या होत्या आणि डोक्यात वारे गेले होते. अंबड तालुक्यात आमचे घर. एकादशीला घरात भजन व्हायचे, आणि शेवटी आत्या एक अभंग म्हणायची. आत्या बालविधवा, आयुष्य आमच्याच घरात गेले. गाणे शिकलेली नव्हती, पण तिचा अभंग ऐकायला शेजारच्या चार बायका ओसरीवर येऊन बसत. उतारवयात तिचा आवाज खाली आला होता, पांढरी एकच्याही थोडा खाली. माझा तबला काळी एकला कडक मिळवलेला. तो तसा वाजला की मला फार रुबाबदार वाटे. आत्याने आपल्या स्वरात सुरुवात केली. माझा ‘ना’ वरून ठणठणत राहिला. तबला उतरवून घ्यावा हे माझ्या मनातही आले नाही, कारण दोन स्वर वेगळे आहेत हेच मला ऐकू येत नव्हते. आत्याला मात्र ऐकू येत होते. तिने काय केले? ती आपला आवाज ओढून माझ्या तबल्यापाशी आणू लागली. पहिले कडवे तिने तसेच रेटले. दुसऱ्या चरणात चाल वर गेली, तिथे आवाज चिरला, आणि ती थांबली.

“घसा बसलाय रे आज,” एवढेच म्हणाली.

घसा काही बसलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे जात्यापाशी, म्हणजे जिथे पूर्वी जाते होते त्या कोपऱ्यात धान्य निवडत बसून, तोच अभंग ती आपल्या स्वरात निवांत म्हणत होती. पण त्यानंतर एकादशीला ती म्हणायला बसली नाही. कोणी आग्रह केला तर ‘आता पोरे वाजवतात छान, ते ऐकू द्या’ म्हणायची. मला त्याचा अर्थ कळायला पंधरा-सोळा वर्षे लागली. तोवर ती गेली होती.

आपल्या जिल्ह्याच्या मातीत कानाची शाळा नव्हती असे कोणी म्हणू नये. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांच्या दासबोधात नवविधा भक्ती सांगणारा चौथा दशक आहे, त्यातला पहिला समास श्रवणाचा आणि दुसरा कीर्तनाचा. क्रम भागवतापासून चालत आलेला आहे. आधी ऐका, मग गा. भजनात हाच क्रम वागणुकीत उतरलेला असे. पोरगा आधी टाळ घेऊन मागच्या रांगेत उभा राही. वर्ष, दोन वर्षे, चार वर्षे. पुढे मृदंग चालला आहे, विणेकऱ्याने चरण धरला आहे, वीस-पंचवीस टाळ एकाच वेळी पडताहेत. त्यात आपला टाळ क्षणभर मागे पडला तर सगळ्यात आधी आपल्यालाच लाज वाटते. चाल कधी चढणार, गजर कधी होणार, हे कोणी सांगत नाही. मृदंगाच्या धुम्यावर, ज्या डाव्या तोंडाला कणीक लावलेली असते त्यावर, थाप भरून पडू लागली की समजायचे. अशा चार वर्षांनंतर केव्हातरी मृदंग पुढ्यात येई. तेव्हा हात कच्चा असे, पण कानात सगळा संसार मांडलेला असे.

शेगावची पालखी पंढरपुराहून परतताना शहागड, अंबड, जालना या वाटेने जाते. तेव्हा रस्त्याच्या कडेला उभे राहून दिंडीतल्या मृदंगाकडे कोणी नीट कान द्यावा. वाजवणारा चालतो आहे, ऊन किंवा पाऊस आहे, मृदंग गळ्यात आहे, आणि त्याची मान टाळकऱ्यांच्या बाजूला किंचित कललेली आहे. ती मान मला तबल्याच्या परीक्षेत कोणाची कधी कललेली दिसली नाही. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथे मराठवाड्यातली कितीतरी मुले मृदंग शिकून आली. आणि अंबाजोगाईकडच्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर तर वारकरी पखवाजातून शास्त्रीय मैफलीपर्यंत पोचले, पद्मश्री झाले. भजनातला कान मैफलीत चालत नाही, हे म्हणणे त्यांनी वाजवूनच खोटे पाडले.

तरीपण गावाकडचे सगळे सोन्याचे, असे मी म्हणणार नाही. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण ठीक आहे, पण पाळण्यातले मूल ऐकते तेवढेच शिकते. भजनी कान आठ मात्रांच्या अंगणात राजासारखा हिंडतो, आणि त्याच्यापुढे रूपक ठेवला की बावरतो. रूपकाच्या सातही मात्रा त्याला मोजता येतात, पण समेवरच खाली आहे, डग्गा गप्प असतानाच सम येते, हे त्याला पटत नाही. तो चौथ्या मात्रेला, जिथे पहिला घुमारा येतो, तिथे सम मानून मोकळा होतो. शिवाय अलीकडे देवळात ध्वनिक्षेपक आले, त्यात ‘इको’ आला. मृदंगाचा एक ठोका तीनदा ऐकू येऊ लागला. मागच्या रांगेतल्या पोराने त्यातला कोणता खरा धरावा? कान तयार होण्याची जी एक जागा शिल्लक होती, तिच्यावरही आपण असा बोळा फिरवला.

लेहरा वाजवणाऱ्या यंत्रांवर लोक फार रागावतात. मी तितका रागावत नाही. विजेवरचा तंबोरा आला, तालयंत्र आले, आता सगळे मोबाइलमध्येच आले. ज्या घरात तंबोरा विकत घेण्याची ऐपत नव्हती त्या घरात अखंड षड्ज वाजू लागला, ही लहान गोष्ट नव्हे. यंत्राची लय ढळत नाही, ते दमत नाही, चहा मागत नाही. त्याचा दोष एकच, ते आपले ऐकत नाही. आपण घसरलो तरी ते पुढे चालते, आपण चढलो तरी त्याला कळत नाही. माणूस गातो तेव्हा लय श्वास घेते. एखाद्या शब्दापाशी तो रेंगाळतो, एखाद्या तानेत किंचित पुढे सरतो. अहमदजान थिरकवाँसारखा एकलवादनातला सम्राट बालगंधर्वांच्या नाटकमंडळीत पदांच्या साथीला बसत होता, हे आपण कौतुकाने सांगतो. त्यातला अर्थ असा की तेवढ्या मोठ्या हाताला गाणाऱ्या नटाच्या शब्दामागे चालावे लागत होते, आणि तो चालत होता. केवळ यंत्राबरोबर वाढलेला विद्यार्थी माणसाबरोबर बसला की घड्याळासारखा वाजतो.

परदेशातही हा रोग नवा नाही. एमील जाक-दालक्रोझ हे १८९२ साली जिनिव्हाच्या संगीतविद्यालयात स्वरसंवादाचे प्राध्यापक झाले. त्यांना आढळले की विद्यार्थी कागदावर स्वरांची मांडणी बिनचूक करतात, पण लिहिलेले त्यांना मनात ऐकूच येत नाही. मग त्यांनी पोरांना बाकांवरून उठवले आणि संगीताबरोबर चालायला, टाळ्या द्यायला, अंगाने लय धरायला लावले. त्यातून त्यांची सारी शिक्षणपद्धती उभी राहिली. तिकडच्या वाद्यवृंदात टिंपनी नावाचे मोठे नगारे असतात. ते वाजवणारा माणूस अधूनमधून कातड्याशी कान नेऊन, बोटाने अगदी हलका ठोका देऊन नगारा पुढच्या स्वरात मिळवत असतो, आणि त्याच वेळी भोवती साठ-सत्तर वाद्ये भलत्याच स्वरात गर्जत असतात. त्याला वाजवायचे असते थोडे, ऐकायचे असते फार.

आणि दूर कशाला जा? झाकिर हुसेन आपल्या जन्माची हकीकत सांगत. बाळाला घरी आणले तेव्हा रीतीप्रमाणे त्याच्या कानात प्रार्थना म्हणायची होती. अल्लारखाँनी बाळाला जवळ घेतले आणि कानात तबल्याचे बोल म्हटले. घरातल्यांनी विचारले तर म्हणाले, हीच माझी प्रार्थना. १९५१ सालची ही गोष्ट. डिसेंबर २०२४ मध्ये झाकिरभाई गेले तेव्हा त्यांच्या बोटांच्या वेगाबद्दल सर्वत्र लिहून आले. त्या बोटांच्या किती आधी कान जागा केला गेला होता, याची आठवण फार थोड्यांना झाली. पढंत म्हणजे बोल तोंडाने म्हणणे. आमच्या वर्गातही ती होते, पण पाढ्यांसारखी, एका सुरात, घाईघाईने. ‘धा’ म्हणताना छातीत घुमारा यावा, ‘ति’ म्हणताना जीभ टाळूला चटकन लागून सुटावी, ‘तिं’चा अनुस्वार हवेत थोडा रेंगाळावा, असे म्हटले तर ते बोल आधी कानात वाजतात. मग हाताला नुसती नक्कल करायची उरते.

पालक मला विचारतात, ‘मग आम्ही काय करावे? आम्हाला तर काहीच कळत नाही.’ मी म्हणतो, परीक्षेचे काय ते गुरुजी पाहतील. तुम्ही रोज पाच मिनिटे तंबोरा लावून मुलाला तबल्याजवळ नुसते बसवा, वाजवू देऊ नका. मग एक ‘ना’ वाजवू द्या आणि तो स्वर त्याला तोंडाने गुणगुणायला सांगा. बहुतेक मुले आधी लाजतात, ‘मी गाणे शिकत नाही’ म्हणतात. लाजू द्या, पण गुणगुणायला लावा. घरात कोणी गात असेल, आजी, मावशी, कोणीही, तर त्याच्याबरोबर त्याला बसवा. ठेका धरायचा, एकही तुकडा वाजवायचा नाही, आणि अभंग संपल्यावर विचारायचे की आजीने श्वास कुठे घेतला. अंबडला दत्तजयंतीचा संगीत महोत्सव होतो, तिथे मुलांना न्या. पण पुढच्या रांगेत बसवू नका, तिथून हातच दिसतात. खांबाआड बसवा.

ती शेजारची मुलगी आता चौदा वर्षांची आहे. पेढ्याचा दिवस उलटल्यावर मी तिला तो चढलेला तबला आणि तो लेहरा पुन्हा एकदा एकत्र ऐकवला होता. ती प्रथम बुचकळ्यात पडली, मग एकदम कानावर हात ठेवून हसू लागली. तेव्हापासून हातोडी तिने स्वतःकडे घेतली आहे. मागच्या आषाढातल्या एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. बाहेर पाऊस, घरात ओल, तबला साफ उतरलेला. तिच्या आजीने गाण्यासाठी टाळ हातात घेतला होता. पोरीने ‘ना’ वाजवला, आजीला म्हणाली, “आजी, तू नुसता आ कर.” आजीने आ केला. पोरगी गजऱ्यावर ठोके घालू लागली. एकदा जास्तच चढला, मग खालून ठोकून उतरवला, मग एक गठ्ठा निसटला. दहा मिनिटे झाली. आजीने टाळ खाली ठेवले, आत जाऊन दुधाखालचा गॅस बंद करून आली, पुन्हा बसली.

“झालं का ग?” आजीने विचारले.

“थांब ग आजी, अजून एक घर राहिलंय,” पोरगी म्हणाली, आणि तबल्यावर कान झुकवून तिने पुन्हा हलकेच बोट मारले.